चेनवाला पोऱ्या आणि आमचे भावजी

आमच्या धाकट्या भावजींइतका भित्रा माणूस धुळ्यापासून जळगावपर्यंतच्या पट्ट्यात दुसरा झालेला नाही, हे मी चारचौघांत सांगायला तयार आहे. पाल, लिफ्ट, इंजेक्शन, अनोळखी नंबरावरून आलेला फोन, बंद पडलेला पंखा आणि त्याहून जास्त चालू असलेला पंखा, या सगळ्यांना ते भितात. धुळ्याहून आमच्याकडे जळगावला येताना गिरणेचा पूल आला की ते एसटीत उठून उभे राहतात. का, तर बुडायची वेळ आलीच तर उठण्यात वेळ जायला नको. गळ्यात आणि दंडात ताइतांचा असा गुंता की आंघोळीला निघाले की लग्नातली नवरी दागिने उतरवते आहे असं वाटावं. प्रत्येक भीतीचा ताईत वेगळा. सापाचा वेगळा, ट्रकचा वेगळा, आणि एक खास डॉक्टरांचा. एरवी ते माझ्यासारखंच शहरी बोलतात, घाबरले की घरच्या अहिराणीवर येतात. म्हणजे मी त्यांची अहिराणी जास्त ऐकली आहे.

अशा माणसाने उभं आयुष्य एका अमेरिकन हिपहॉप गवयाच्या नादात काढलं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. धुळ्यात हायवेला लागून त्यांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रकवाले टेप दुरुस्तीला टाकत, चहा पीत बसत, आणि पैशांऐवजी कधी काय देऊन जातील याचा नेम नसे. ऐंशीचं दशक सरता सरता एका ड्रायव्हरने मुंबईहून आणलेली एक कॅसेट त्यांच्या हातावर ठेवली. वर टोपीवाल्या काळ्या माणसाचं चित्र, गळ्यात गोफासारख्या जाड साखळ्या. भावजींनी ती लावली. तो माणूस गातच नव्हता. ढोलाच्या ठेक्यावर नुसता बोलत होता, पण असा बोलत होता की भावजींच्या हातातला पाना खाली पडला. त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, साक्रीकडच्या आमच्या गावी वही, म्हणजे आमच्याकडची कथागाणी, गायचे. श्रावणात कानबाई देवीच्या रात्री डफ वाजवत यमक जुळवून अख्खी कथा उभी करायची, राजाही आपण, राणीही आपण, दासीही आपण. भावजी सासऱ्यांना इतके भीत की त्यांच्यासमोर कधी डफाला हात लावला नाही. "वहिनी, हा माणूस वहीच गातोय," ते मला नंतर म्हणाले, "फक्त याला बाबा रागावत नाहीत."

मी तेव्हा नवी नवरी. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेली, म्हणजे स्वतःला फार मोठी समजणारी आणि अंधारात परसात जायला नवऱ्याला सोबत नेणारी. सासरी धुळ्याला आले त्याच आठवड्यात दुपारी माजघराशेजारच्या खोलीतून आवाज यायला लागले. एक लाडिक बाई, एक खाकरणारा हवालदार, एक रडवेलं पोरगं, कुणाची तरी आई, आणि मागे ढोल. घरात मोठं माणूस नाही. सासरकडची पाहुणेमंडळी अचानक आली असणार आणि मला कुणी सांगितलंच नाही, अशी माझी खात्री झाली. मी घाईघाईने डोक्यावर पदर घेऊन सहा कप चहा ठेवला, ट्रे उचलला आणि दारातून आत पाहिलं तर भावजी एकटेच. डोळे मिटलेले, बाईच्या आवाजात बोलत होते आणि तोच आवाज हवालदाराचा झाला. अंगात आलंय अशी खूणगाठ बांधून मी ट्रेसकट दारातच बसले. सहा कप चहा उंबऱ्यावरून वाहिला. माझी किंकाळी ऐकून भावजी कपाटामागे लपले. आम्ही दोघं बराच वेळ तसेच होतो, ते आत, मी बाहेर, आणि मधे तो अमेरिकन बिनधास्त बोलतोय.

नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं की ही चेनवाल्या पोऱ्याची गोष्ट. कॅसेटमध्ये बऱ्याच गोष्टी होत्या. काहींवर ते लाजून फास्ट फॉरवर्डचं बटण दाबत आणि "ही बायकांपुढे लावायची नाही" म्हणत. मी अर्थात ते दुकानात गेल्यावर नेमक्या त्याच लावून ऐकल्या. एक अक्षर कळलं नाही. बी.ए. पाण्यात गेलं. भावजी मात्र डिक्शनरी घेऊन, एकेक वाक्य मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकत, दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना विचारत, अख्ख्या उन्हाळ्यात ती एक गोष्ट उलगडून बसले. पोऱ्या थोरल्या भावाची सोन्याची चेन चोरून गळ्यात घालतो, मिरवायला बाहेर पडतो, चेन हरवते, आणि मग ती शोधता शोधता एका खोट्यातून दुसऱ्या खोट्यात, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत पळत राहतो. मागे हवालदार. पुढे पूल. भावजींनी ती अहिराणीत रचली, त्याच ठेक्यावर, पितळी ताटावर बोटं वाजवत.

गल्लीतली सगळी पोरं त्या गोष्टीवर वाढली. दिवे गेले की आमच्या ओट्यावर गर्दी. "आबा, चेनवाला पोऱ्या," एवढंच म्हणायचं. भावजी ताट घ्यायचे आणि जगातला सगळ्यात भित्रा माणूस हवालदार व्हायचा. "कोन शे रे तठे?" असं त्यांनी घशातून म्हटलं की पोरं एकमेकांच्या अंगावर चढायची, आणि खरं सांगते, मीही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन कुणाच्या तरी जवळ बसायची. गोष्ट पाठ होती तरी दर वेळी भीती नवी. पोऱ्या पुलावर पोचला की पोरं गुडघ्यांत तोंड लपवायची. मग भावजी ताटावर एक थाप मारून म्हणायचे, "पोऱ्या घर उना." घरी आला. आई भाकर वाढते, भाऊ कान पिळतो, संपलं. ती पोरं आता सुरतला, पुण्याला नोकऱ्या करतात, आणि आपापली पोरं झोपेनात की फोन करतात. भावजी आधी फोनला घाबरतात, मग गोष्ट सांगतात.

गेल्या वर्षी माझ्या नातीने तो अख्खा अल्बम मोबाइलवर शोधून काढला. "आजी, हा अजून जगभर ऐकतात, माझ्या वयाची मुलं ऐकतात," म्हणाली, आणि कानाला लावून बसली. तिचं इंग्रजी माझ्यासारखं पदवीचं नाही, खरंखुरं आहे. थोड्या वेळाने कानातलं काढून म्हणाली, "आजी, यात तो मुलगा घरी येत नाही. पुलावर संपतो."

भावजी तेव्हा आमच्याकडेच होते, शेंगा सोलत. मी विचारलं, "भावजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

शेंगा सोलता सोलता म्हणाले, "पहिल्या उन्हाळ्यापासून."

"मग?"

"मग काय, वहिनी. माले भेव वाटस. ओट्यावर एवढी पोरं बसेल, आनि मी त्याले मारू?"

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं तंबाखू, पण भीतीपोटी त्यांनी तंबाखूला कधी हातसुद्धा लावलेला नाही. इथल्या जळगावच्या डॉक्टरांनी घशात गाठ दिसते म्हणून सांगितलं आणि एमआरआय करायला पाठवलं. तिथलं ते पांढरं भोक पाहून भावजी मागच्या मागे रिक्षात बसून थेट बसस्टँडवर. दुसऱ्या वेळी मी सोबत गेले आणि त्यांचा शर्ट धरून ठेवला. "वहिनी, मी नही जावाव त्या बोगदामा. तो माले गिळी टाकी." अंगावर धातू चालत नाही म्हणून तिथल्या मुलाने ताईत काढायला लावले. भावजी एकेक काढत गेले आणि माझ्या ओच्यात टाकत गेले. सगळ्यात शेवटी डॉक्टरांचा काढला. पाठमोरे चालायला लागले तेव्हा त्यांची मान इतकी बारीक दिसली की मी भिंतीवरच्या सूचना वाचायला लागले.

हातात एक रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबा म्हणून. भावजींनी तो यंत्र सुरू व्हायच्या आधीच दाबला. पुन्हा समजावलं. मग यंत्र सुरू झालं, ढग ढग, टक टक, ढग ढग. फुगा काही दाबला जाईना. बराच वेळ झाल्यावर तो मुलगा वैतागून माइकवर म्हणाला, "आजोबा, बोलू नका, घसा हलतोय, फोटो बिघडतात." आतून स्पीकरवर घोगरा आवाज आला, "आते पोऱ्या पुलवर शे. मी कसा थांबू?"

त्या यंत्राने ठेका धरला होता आणि आमच्या माणसाने गोष्ट सुरू केली होती. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तो मुलगा मला रागाने म्हणाला, "मावशी, यांना सांगा की गोष्ट मनातल्या मनात म्हणा." मी माइकवर तसं सांगितलं. आणि हळूच विचारलं, "घरी आणलात का त्याला?"  या खेपेला भावजी शहाण्यासारखे गप्प होते.

गाठ काढायलाच हवी, आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भावजींनी जगण्यामरण्याचं एक अक्षर विचारलं नाही. माझ्यासमोर ताट ठेवलं. "हवालदारना आवाज कोन काढी?" म्हणाले, आणि मला शिकवायला बसले. माझा हवालदार म्हणजे भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई. नात हसून लोळली. भावजींनी कपाळाला हात लावला.

आता ऑपरेशन होऊन काही आठवडे झाले. बोलायची मनाई आहे. परवा घरात बरीच माणसं जमली होती, नातीने मोबाइलवर तो ठेका लावला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. भावजींनी पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटं वाजवायला सुरुवात केली. मी सांगायला लागले. हवालदार पुन्हा घासाघीस करणारी बाईच झाला. पण पूल आला तेव्हा भावजींची बोटं दांडीवर थांबली. गोष्टीचा खरा शेवट त्यांनाही ठाऊक, नातीलाही ठाऊक, मलाही ठाऊक. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते, जणू निकाल माझ्या हातात होता.

"पोऱ्या घर उना," मी म्हटलं.

"मंग?" नातीने विचारलं, जशी ती पोरं विचारायची.

"मंग काय. मायनी भाकर वाढी, आनि पोऱ्या जपी गया."

पोऱ्या झोपला तशी भावजींनी दांडीवर एक थाप मारली आणि डोळे मिटले. ताईत त्यांना परत दिले आहेत. ते रोज चाचपतात, आणि एक कमी आहे म्हणून माझ्याकडे संशयाने बघतात. मी म्हणते, त्या यंत्राने गिळला असेल. तो डॉक्टरांचा ताईत माझ्या पोलक्यात आहे. त्यांचा आवाज येईपर्यंत त्यांच्या वाटणीचं भिणंही मलाच करायचं आहे, आणि त्याची मला अजून सवय नाही.