सात नंबरच्या जीपचा लिलाव

मनासे हायम वाक्रुळकर यांना सगळं पनवेल मनासे मिस्त्री म्हणत असे. वीज कंपनीच्या पनवेल यार्डात ते बारा वर्षं मेकॅनिक होते आणि मी त्याच यार्डात स्टोअरचा कारकून. माणूस कामाला चोख, वागायला सरळ आणि डोक्याने तापट. त्यांची आठवण आली की जीव हळहळतो हे खरं. पण त्याहून जास्त राग येतो, आणि तोही खराच. त्यांच्यावर येतो, माझ्यावर येतो, कंपनीवर तर येतोच येतो.

घराणं मूळचं पेणकडच्या वाक्रुळचं, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी ते बैल सोडून स्वस्थ बसत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. मी मिस्त्रींना चिडवायचो, "आजोबांनी तिळाचं तेल काढलं, तुम्ही इंजिनाचं काढता."

"जगनराव," ते म्हणायचे, "इंजिनाचं तेल आत ठेवायचा पगार मिळतो मला. बाहेर काढायला तुमचे ड्रायव्हर आहेत."

कंपनीच्या तारा घाट उतरून खाजणांवरून, मिठागरांवरून जायच्या. रोडपालीच्या पुढे आणि उलव्याकडे तर खांब खाडीच्या चिखलातच उभे. रस्ता नावाची चीज नव्हती. तिकडे तार तुटली की सात नंबरची जीप निघायची. युद्ध संपल्यावर लष्कराच्या मोडीतून कंपनीने ती घेतली होती. चारही चाकांना जोर. बैल जिथे पाय टाकायला कचरतो तिथे ही गुरगुरत जायची. एकदा उलव्याच्या खाजणात ती भरतीत सापडली, सीटपर्यंत पाणी चढलं. मिस्त्रींनी ती दोरखंडाने बाहेर ओढून काढली, इंजिनाचा सांधा न् सांधा सुटा केला, गोड्या पाण्याने धुतला, पुसला आणि चौथ्या दिवशी पहिल्या हँडलला चालू करून दाखवली. यार्डाच्या साहेबांनी शाबासकी दिली ती ड्रायव्हरला.

एकोणीसशे एकोणसाठ साली कंपनीने पनवेलचं यार्ड बंद करायचं ठरवलं. तरुणांच्या बदल्या झाल्या. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना नमस्कार. मिस्त्री अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. यार्डातल्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या आणि जुनी माणसं घरी पाठवली. फरक एवढाच की गाड्यांना निदान कुणी बोली लावणार होतं.

मिस्त्रींचा धाकटा भाऊ जोशुआ सहा वर्षांपूर्वीच इस्राएलला गेला होता. 'तुम्हीही या' अशी त्याची पत्रांवर पत्रं. पण शुलामिथवहिनी ऐकायला तयार नव्हत्या. त्यांची आई तमारबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, मुलगी सोडून कुणाच्या हातचा घास न घेणारी. एवढा लांबचा प्रवास तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. "आईला टाकून मी कुठेही येणार नाही," वहिनी म्हणायच्या. मिस्त्रींनाही जायचं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच होतं, सात नंबरची जीप विकत घ्यायची आणि भाड्याने चालवायची. उरणची मासळी पनवेलच्या बाजारात आणायची, एस.टी. जात नाही त्या गावांतले आजारी दवाखान्यात पोचवायचे, लग्नसराईत नवरदेव मिरवायचे. हिशेब चुकीचा नव्हता. त्या मुलखात ती जीप आणि हा माणूस एकत्र असते तर घर आरामात चाललं असतं. वहिनींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. जीप मिळाली तर पनवेल, नाही मिळाली तर पोटासाठी नाइलाजाने जोशुआला होकार, असं नवराबायकोत ठरलं.

आता आमच्या यार्डाची रीत सांगतो. लिलावाआधी गाडी आजारी पाडायची. चांगला भाग काढून ठेवायचा, गाडी चालू होत नाही म्हटल्यावर बाहेरचे बोली लावत नाहीत, आणि घरचा माणूस स्वस्तात घेऊन जातो. सगळे करायचे. साहेबांनीसुद्धा आपल्या मेव्हण्याला अशीच एक गाडी मिळवून दिली होती. मिस्त्रींना हे मीच सुचवलं.

"बारा वर्षं जिला बरी ठेवली तिला मी आजारी पाडू?"

"मग दुसरा कुणी घेऊन गेला की बसा तिचा फोटो भिंतीला लावून," मी म्हणालो.

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी वहिनींनी आईच्या खाटेकडे बोट दाखवलं तेव्हा विरघळले. लिलावाच्या सकाळी त्यांनी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर काढला. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, पण तो नसला तर हँडल मारून मारून खांदा निखळेल, इंजिन शिंकणारसुद्धा नाही. तो त्यांनी फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातला.

"घरी ठेवून या," मी म्हणालो.

"आणि हरवला म्हणजे? पार्ट गाडीजवळच असावा."

मेकॅनिक तो मेकॅनिक. चोरी करायची तर चोरासारखी तरी करावी!

लिलावाला पंधरा-वीस जण आले होते. सात नंबरचं इंजिन गेलंय, ही आवई मी आदल्या दिवशीच उठवून ठेवली होती. शिपाई गणूने हँडल मारलं. एकदा, दहादा, वीसदा. त्याचा घाम निघाला, जीप ढिम्म. लोक हसले आणि पलीकडच्या ट्रककडे वळले. साहेबांनी किंमत पुकारली. मिस्त्रींनी बोली लावली. दुसरं कुणी तोंड उघडेना.

"एक वार," साहेब म्हणाले. "दोन वार..."

तेवढ्यात बुधाजी शेठ पुढे आला. उरणकडचा मिठागरवाल्याचा मुलगा, आता दगडखाणीचा ठेकेदार. त्याला ट्रक हवा होता, जीपशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने उगाच गंमत म्हणून चाकाला लाथ मारली आणि म्हणाला, "कंचा गाढव मिस्तरी हुता रं हिच्यावर? यवरी चांगली गारी, पार मारून टाकली!"

सगळे खो खो हसले. साहेबही हसले.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. कान लाल झाले होते. मी त्यांची बाही घट्ट धरली. "मिस्त्री, एकच शब्द राहिलाय. गप्प राहा. आईसाठी गप्प राहा."

त्यांनी बाही हिसडून घेतली. लोकांकडे पाठ करून ते बॉनेटमध्ये वाकले. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. गणूला म्हणाले, "बाजूला हो," आणि हँडलला अर्धा फेरा दिला.

जीप चालू झाली. काय तो आवाज! ना खडखड, ना धूर, दिवाणखान्यात बसून ऐकावा असा. मिस्त्री बुधाजीसमोर जाऊन उभे राहिले. "शेठ, तो गाढव मी. आता ऐका."

आयुष्यात त्यांच्या चेहऱ्यावर मी एवढं समाधान पाहिलं नाही. दोन थोबाडीत द्याव्या असं मला त्या क्षणी वाटलं, आजही वाटतं.

बुधाजीने इंजिन शांतपणे ऐकलं. मग तो हसला. "मिस्तरी, खिशातशी काय कारलंव ते मी पायलंय. कंपनीचा मानूस जी गारी लपवतंय, ती वंगाल कशी आसंल?" आणि त्याने दुप्पट बोली लावली.

ट्रककडे गेलेले सगळे धावत परत आले. मिस्त्री चढत गेले. नोकरीच्या फंडाचा पैसा संपला, पाटल्या संपल्या. बुधाजी एक पायरी वर राहिला. तीन वार झाले.

जाताना तो म्हणाला, "मिस्तरी, तुमीच चालवा. पगार मी देतंय. आमाला काय राग नाय तुमचा." आणि तो खरंच चांगल्या मनाने बोलला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. साहेबांनी मात्र संध्याकाळी उत्तर दिलं. कंपनीच्या मालाशी लबाडी केली म्हणून बारा वर्षांच्या नोकरीचा दाखला नाकारला. मेव्हण्याला गाडी मिळवून देणाऱ्या त्याच साहेबांनी. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

"बुधाजीकडे जा," मी आठ दिवस सांगत होतो. वहिनी सांगत होत्या. लोळागोळा पडलेल्या तमारबाईसुद्धा तुटक्या शब्दांत सांगत होत्या.

"मला गाढव म्हणणाऱ्याच्या हाताखाली? नाही," एवढंच ते म्हणत.

मग जोशुआला होकार गेला. तमारबाईंना त्यांच्या भाचीकडे, लीयाकडे ठेवायचं ठरलं. निघायच्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा वहिनी ट्रंकेला दोरी बांधत होत्या. माझ्यादेखतच त्यांनी नवऱ्याला विचारलं, "एक सांगा. उद्या तोच लिलाव पुन्हा झाला, तो माणूस पुन्हा तेच बोलला, तर गप्प बसाल?"

मिस्त्रींनी आपल्या हातांकडे पाहिलं. खोटं बोलले असते तर काय बिघडणार होतं?

"नाही," ते म्हणाले.

"ठाऊक होतं मला," वहिनी म्हणाल्या, आणि आईला शेवटचं भरवायला लीयाकडे गेल्या.

तमारबाई चार महिन्यांत गेल्या. लीयाच्या हातचा घास त्यांनी धड घेतलाच नाही. हे कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन ओळी लिहिल्या, जास्त लिहवेना. उत्तर दीड महिन्याने आलं, मिस्त्रींच्या हातचं. शुलामिथ तेव्हापासून आपल्याशी कामापुरतं बोलते, असं त्यात होतं. गॅरेजात दाखल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून संत्र्याच्या बागेत पेट्या उचलतो, असंही होतं. शेवटी लिहिलं होतं, "इथल्या मुकादमाची भाषा अजून कळत नाही. तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलतो आणि सगळे हसतात. मग मीही हसतो."