लाल गोंड्याचा ढोल

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही, कंपनीतल्या ज्या मैत्रिणीसमोर मी डबा खाता खाता सगळं घर उघडं करते तिच्याजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यासमोर जमेल असं वाटतंय. जमेल ना? आत्ताच उठून दाराची कडी बघून आले. मी अशीच आहे — गॅस बंद आहे का, कुलूप लागलंय का, कुणी ऐकत तर नाही ना. घरात एकटीच आहे, तरी बघते.

सातपूरच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यावर लाल स्टिकर लावायचा. हे काम मला फार छान जमतं. हसू नका.

सुरुवात ढोलापासून करावी लागेल, कारण ढोल नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. नाशकात ढोलपथकांना तोटा नाही. आमचंही एक होतं — आहे — गंगापूर रोडच्या खाली, नदीकाठच्या मोकळ्या जागेवर सराव चालायचा. ऑफिस सुटलं की मी थेट तिथे. पांढरा कुर्ता, पांढरी सलवार, कमरेला शेला, डोक्याला फेटा, सगळ्यांना एकसारखं. मिरवणुकीत ढोल कमरेला बांधला की पोरगा कोण आणि पोरगी कोण, हे कुणी विचारत नाही. ठेका चुकला का, एवढंच विचारतात.

आणि मला नेमकं तेच हवं होतं. मी बाई आहे — आणि पुरुषही आहे. काही दिवस एक, काही दिवस दुसरं, आणि ढोल बांधला की दोन्ही एकदम. याला बायजेंडर म्हणतात हे मला तिशीच्या आसपास मोबाइलवर वाचून कळलं. तोवर मी समजत होते की माझ्याच डोक्यातला एखादा स्क्रू ढिला आहे. वाचलं आणि रडले. मग घाबरून मोबाइलमधला सगळा इतिहास पुसून टाकला. इथे 'रडले', 'समजत होते' असं बाईसारखं लिहितेय ते सवयीने. त्यातून काही अर्थ काढू नका.

तिथेच तो झेंडा पाहिला. नेटवर त्याचे दोन-तीन नमुने आहेत, मला त्यातला एक आवडला. एका टोकाला गडद गुलाबी, मग फिकट गुलाबी, जांभळट, मधोमध पांढरा, पुन्हा जांभळट, फिकट निळा, आणि शेवटी निळा. आपल्यासारख्यांनाही झेंडा असतो? मी तो कितीतरी वेळ नुसता बघत बसले. जगात कुठेतरी कुणीतरी बसून, रंग निवडून, आपल्यासाठी एवढं केलंय, याचंच मला अप्रूप.

आता आमच्या पथकाची एक पद्धत सांगते. ढोल सगळे सारखेच दिसतात, सरावानंतर गोदामात एकावर एक रचून ठेवतात. मग आपला ओळखू यावा म्हणून प्रत्येक जण दोरीला काहीतरी खूण बांधतो. कुणाची घुंगरं, कुणाची बायकोची जुनी बांगडी. दुसऱ्याच्या खुणेकडे कुणी बघत नाही. झेंडा पाहिला त्या वर्षी मी मेन रोडवरच्या लेस-फितींच्या दुकानातून सहा रंगांच्या फिती आणल्या. दुकानदार म्हणाला, "ड्रेसला का?" मी म्हणाले, "हो, भाचीच्या." मला भाची नाही. फिती एकमेकींना शिवून वीतभर पट्टी केली आणि ढोलाच्या दोरीत आतल्या बाजूने ओवली. ढोल हलला तरच दिसायची. मला वाटलं, कोण ओळखणार आहे?

मयूरने विचारलं. मयूर माझ्या शेजारी वाजवायचा — सिन्नरकडचा, आईवडिलांबरोबर सिडकोत राहणारा, एका मोबाइलच्या दुकानात कामाला. किडकिडीत, आवाज बारीक, मिरवणुकीला डोळ्यांत काजळ घालायचा म्हणून पोरं त्याला चिडवायची. त्याच्या ढोलाला त्याच्या आईने केलेला लाल लोकरीचा गोंडा होता. "ताई, ह्यो कोणत्या टीमचा झेंडा?" त्याने विचारलं, आणि मला काय झालं कोण जाणे, मी सांगून टाकलं. सराव संपला होता, आम्ही नदीच्या कठड्यावर शेंगदाणे खात होतो. सांगता सांगता माझ्या हातातले शेंगदाणे सांडले.

त्याने ते वेचले, फुंकर मारून खाल्ले. मग म्हणाला, "मंग आज काय म्हणू? ताई का दादा?"

बस्स. एवढंच. त्यानंतर रोज ढोल बांधताना माझ्या कानाशी येऊन तो हळूच विचारायचा, "आज काय?" मी सांगायचे आणि तो तसं म्हणायचा. चारचौघांत ताईच, पण आम्ही दोघंच असलो की, दादाचा दिवस असेल तर दादा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारून हाक मारत होतं. मला किती बरं वाटायचं ते कसं सांगू? सरावाची वाट मी त्या एका प्रश्नासाठी बघायचे.

त्या वर्षीच्या मिरवणुकीत मयूरच्या ढोलाचं पान, म्हणजे वाजवायचा पडदा, फाटलं. रविवार कारंज्याच्या जरा अलीकडे माझी कंबर भरून आली, म्हणून मी बदलीसाठी बाहेर आले आणि माझा ढोल त्याला बांधला. तो जीव तोडून वाजवत होता. कुणीतरी व्हिडिओ काढला. त्यात मयूरचा चेहरा अगदी स्पष्ट, काजळासकट, आणि ढोल उसळला की माझी पट्टी. खाली एका कॉलेजच्या मुलीने कौतुकाने लिहिलं होतं की हा बायजेंडर लोकांचा झेंडा आहे, नाशिकचं पथक भारी. बिचारीचा हेतू चांगला होता. पण तिच्याखाली लोकांनी जे लिहिलं, ते मी इथे उतरवणार नाही.

दोन दिवसांत पथकाची बैठक बसली. आमचा पथकप्रमुख विलासदादा वाईट माणूस नव्हता, मला ढोल त्यानेच शिकवला. पण तो चिडला होता आणि त्याहून जास्त घाबरला होता. "लोकांच्या लेकी येतात आपल्याकडं," तो म्हणाला. "त्यांच्या आया मला विचारत्यात, काय चालतं तिथं म्हणून. कोणाचं हाय हे?" मधोमध माझा ढोल ठेवलेला. शेजारी पान बदलून आलेला मयूरचा, लाल गोंड्याचा.

सगळे मयूरकडे बघत होते. मयूर माझ्याकडे बघत होता.

विलासदादाने एकेकाला विचारायला सुरुवात केली. माझ्यापर्यंत येईतो माझ्या कानांत नुसता ताशा वाजत होता. पथक गेलं तर माझ्याकडे काय उरणार, एवढंच डोक्यात. ऑफिसात कळेल, आईला कळेल, आणि ही एक जागा — जिथे मी अख्खी उभी राहू शकते — तीही जाईल. मी हात लांब केला आणि म्हणाले, "माझा तो. लाल गोंड्याचा."

म्हणजे माझा ढोल त्याच्या गळ्यात, आणि त्याचा माझ्या. विलासदादाने कात्री पुढे केली, मीच जवळ बसले होते म्हणून माझ्याच हातात दिली. "काप ते." मी कापलं. सॅटिनची फीत कापायला अगदी सोपी असते. मयूरला पथकातून काढलं. तो उठला, चपला शोधल्या, गेला. मला वाचवण्यासाठी तो गप्प बसला की त्याला काही सुचलंच नाही? मी कधी विचारलं नाही.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही बरेच दिवस असंच वाटायचं — भीतीने एक खोटं बोलून गेले, कुणाचंही झालं असतं. स्वतःला मी हेच सांगत आले. पण हे सांगण्यासाठी मी कडी बघून आले नव्हते.

आठवड्याभराने रविवारी सकाळी मयूरची आई माझ्या दारात आली. शोभामावशी. तिला मी सरावाला डबा घेऊन येताना पाहिलं होतं, तेवढीच ओळख. चपला बाहेर काढून ती उंबऱ्याशीच बसली, आत या म्हटलं तरी येईना. तो व्हिडिओ सिन्नरला भावकीत फिरला होता. घोटीकडच्या एका स्थळाशी मयूरची बोलणी चालली होती, ती मोडली होती. बाप पोराशी बोलत नव्हता.

"तू शिकलेली हायेस," ती म्हणाली. "तो घरी तुझंच नाव घ्यायचा, ताई आशी न् ताई तशी. मला खरं सांग, माझा पोरगा तसा हाय का? त्यो तर काहीच बोलत नाय. तू नाय म्हण, मी बापाला सांगते. तू म्हणलीस तर त्यो ऐकंल."

ऐकलंत? काही मोठं मागत नव्हती ती. पथक नव्हतं समोर, विलासदादा नव्हता, कात्री नव्हती. माझं नाव घेण्याचीही गरज नव्हती. "नाही मावशी, ती पट्टी त्याची नव्हती" — एवढं म्हणायचं होतं. पण मी पुढचं बघत होते. मग कुणाची, असं ती विचारेल. ती विलासदादाकडे जाईल. लाल गोंडा तिने स्वतः केलाय, गोदामात तो माझ्या ढोलाला बांधलेला दिसेल. मी आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं. पाणी आणेपर्यंत विचार करायला भरपूर वेळ मिळाला, आणि मी तो केला.

मी म्हणाले, "मावशी, होतं असं एकेका मुलाचं. रागावू नका त्याला. त्र्यंबकला एखादी पूजा करून घ्या. सुधारेल."

सुधारेल. हा शब्द मी वापरला. मी — जिने तो झेंडा बघत रात्र काढली होती! अशा कशाला पूजा लागत नाही, हे मला माहीत होतं. लागत असती तर आधी मीच बसायला हवं होतं. आणि मयूर तर यातला कुणी नव्हताच. त्याने फक्त मला विचारलं होतं, आज काय म्हणू.

शोभामावशीने माझा हात दोन्ही हातांत धरला. "देवासारखी भेटलीस," म्हणाली. आणि पाणी न पिताच उठली.

कधी कधी स्वतःशी वाद घालते — त्या दिवशी दारात कोण उभं होतं? ताई होती की दादा? एकावर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही ढकलता येत. दोघंही होते, आणि दोघांचंही एकमत झालं होतं.

त्यांनी त्याला त्र्यंबकेश्वरला नेलं. ऐन थंडीत. कुंडात आंघोळ, ओलेत्याने पूजेला बसणं, सगळं केलं त्याने. म्हणजे आई कुणाच्या सांगण्यावरून घेऊन आलीय हे त्याला कळलंच असणार, मावशी काही लपवणारी बाई नव्हती. त्या संध्याकाळी मला त्याचा मेसेज आला. "पाणी लय थंड होतं." पुढे ताई नाही, दादा नाही. मी उत्तर दिलं नाही. मग तो सिन्नरला चुलत्याकडे गेला आणि तिथल्याच एका कारखान्यात लागला, असं कुणीतरी सांगितलं.

मी पथकातच राहिले. आता जुन्यांत जमा आहे, नव्या मुलींना शिकवते. पुढच्या वर्षी विलासदादाने ढोलांवर फक्त नंबर टाकायचं ठरवलं, तेव्हा मी सगळ्यांत आधी हात वर केला. माझ्या ढोलाचा गोंडा तेवढा त्याने राहू दिला, जुनी खूण म्हणून.

इतक्या वर्षांनी परवाच्या मिरवणुकीत मयूर दिसला. मेन रोडच्या कडेला उभा, अंगाने भरलेला, शेजारी बायको, कडेवर छोटी मुलगी. आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो, माझ्याभोवती पथकातली सात-आठ पोरं. मला पळून जावंसं वाटलं. पण कमरेला ढोल बांधलेला असला की पळता येत नाही. तो सरळ माझ्याकडेच आला. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरली आणि गोंड्यावर थांबली. लोकर पार विटली आहे, पण आहे तोच. त्याच्या मुलीने हात लांब करून तो ओढला.

मला वाटलं, आता बोलेल. सगळ्यांसमोर बोलेल. खरं सांगते, त्या भीतीतच कुठेतरी मी वाटही बघत होते — की तो माझ्या कानाशी वाकेल आणि विचारेल, आज काय?

त्याने मुलीची मूठ हळूच सोडवली. भोवतालच्या पोरांकडे एकवार पाहिलं. मग बायकोला म्हणाला, "ह्या मॅडम. आमच्या जुन्या पथकातल्या. लय भारी वाजवतात."

मी म्हणाले, "नमस्कार." तेवढ्यात शिट्टी झाली, आणि मी त्याचा ढोल वाजवत पुढे निघाले.