हातांचा दाखला

"मी नाही उघडणार. ती उघडेल. तिच्या घरचंच काम आहे ते."

दादरच्या दवाखान्यात, लोअर परळच्या टॉवरमधून आलेल्या एका साहेबांसमोर आमचे मोठे डॉक्टर, सर, हे बोलले. टेबलावर साहेबांचा मेलेला कुत्रा. विषबाधेचा संशय होता, पोस्टमॉर्टेम करायचं होतं. साहेब हसले. सर हसले. मीही हसले.

ते माझं हसू मला अजून ऐकू येतं. अंघोळ करताना, डाळीला फोडणी देताना, कुठेही. सरांचं वाक्य मी माफ करणार नाही. पण ते निदान सरांचं होतं. हसू माझं होतं.

माझे बाबा मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाडीवर होते. आजोबांनी गावात ढोरं ओढली. कामावर घेताना सरांनी मला जात विचारली नाही. फार सुधारलेले ते. वडील काय करतात, एवढंच विचारलं. मी पदवी घेतलेली जनावरांची डॉक्टर, लालबागच्या एका खोलीत पाच माणसांत अभ्यास करून झालेली.

दवाखान्याची एक रीत होती. पडद्याआड ऑपरेशन मी करायचं. शेवटचा टाका पडला की सर धुतलेला एप्रन चढवायचे, जनावर उचलून बाहेर न्यायचे आणि मालकाला म्हणायचे, "झालं बरं का, घाबरू नका." मी मागे हत्यारं धूत असायचे. सहा वर्षं. मेलेलं जनावर मात्र सगळ्यांदेखत माझं.

मला बाहेरच्या देशात डॉक्टरकी करायची होती. तिथे आपली पदवी नुसती चालत नाही, त्यांची परीक्षा द्यावी लागते. लेखी मी पास झाले. बाबा पेढे घेऊन चाळभर फिरले. पुढची परीक्षा हातांची. परीक्षकांसमोर भूल द्यायची, कापायचं, शिवायचं. तिला बसायला दाखला हवा होता. जिथे काम केलं तिथल्या डॉक्टरने लिहून द्यायचं, हिने स्वतःच्या हातांनी काय काय केलं.

सरांनी इंग्रजीत लिहून दिलं. मराठीत सांगायचं तर, सहाय्यक म्हणून काम केले, शवविच्छेदनात विशेष प्रावीण्य.

"सर, ऑपरेशनचं नाही लिहिलं."

"यातला एक शब्द खोटा दाखव."

मला दाखवता येईना. नेमणूक सहाय्यकाचीच होती.

"अगं, लोक माझ्याकडे येतात. तू कापतेस असं लिहून दिलं तर माझं काय राहिलं?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "तिकडेही मरतातच की जनावरं. घे, ठेव."

मी घेतलं. बॅगेत ठेवलंसुद्धा.

त्याच दुपारी खोताच्या वाडीतल्या एक आंटी त्यांच्या बबलीला घेऊन आल्या. म्हातारी कुत्री, गर्भाशयात पू झालेला. तेव्हाच कापलं नसतं तर गेली असती. कापताना मला वाटत राहिलं, आजवर मी उघडलेली सगळी मेलेली जनावरं टेबलाभोवती उभी आहेत. नुसती बघतायत. भीती वाटली मला, खरंच वाटली. हातांचं काम मात्र चालूच राहिलं.

शेवटचा टाका पडला. सरांनी एप्रनच्या नाड्या बांधल्या आणि हात पुढे केले. मी बबली दिली नाही. रक्ताने भरलेल्या एप्रनवर तिला घेऊन तशीच बाहेर गेले.

"आंटी, हिचं ऑपरेशन मी केलं. सहा वर्षं इथे मीच करते."

आंटींनी आधी सरांकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे.

"मी डॉक्टरला दिली होती माझी बबली," त्या म्हणाल्या. "तुला नाय गो."

कानाखाली बसल्यासारखं झालं. वाटलं होतं, त्या माझ्या बाजूने बोलतील. पण त्यांचं काय चुकलं? सरांनी त्यांना फसवलं होतं, आणि त्या फसवणुकीत प्रत्येक टाका माझा होता. गप्प राहून मी सहा वर्षं सरांना साथच दिली होती.

"मीच डॉक्टर आहे," मी म्हणाले. "टाके दहा दिवसांनी काढायचे." आणि माझं नाव सांगितलं. आडनावासकट.

बॅगेतलं पत्र काढून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि निघाले. या खेपेची परीक्षा त्या टेबलावरच राहिली.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घ्यायचं होतंस पोरी. तिकडे कोण एवढं वाचतंय?"

"मी वाचलंय, बाबा."

आता कॉटन ग्रीनच्या एका लहान दवाखान्यात आहे. सगळं पहिल्यापासून. नवा दाखला मिळायला वर्षं जातील. मेलेली जनावरं अजून स्वप्नात येतात, येऊ देत. परीक्षा मी देणार. खऱ्या दाखल्यावर देणार, नाहीतर देणार नाही. आणि तोवर भूल द्यायच्या आधी प्रत्येक मालकाला तोंडावर सांगते, कापणार मी आहे. चालत नसेल तर आत्ताच जनावर उचला.