व्याह्यांच्या मिशीतलं पाखरू

चूक माझी होती. (हे वाक्य माझ्या तोंडून ऐकायला घरच्यांना दुपारपासून दिवेलागणीपर्यंत थांबावं लागलं.)

आमच्या गोऱ्या साहेबाला अभ्यासासाठी एक अळी हवी होती. झाडावरची नव्हे, पानाच्या आत राहणारी! ती पानाच्या दोन सालींमधून बोगदा खणत जाते, वर पांढरी नागमोडी रेघ उमटते आणि शेवटी तिचं राळ्याच्या दाण्याएवढं पाखरू होतं. सगळा वऱ्हाड कापसापायी वेडा झालेला, आणि मी, अमरावतीच्या कचेरीतला चाळिशी उलटलेला कारकून, आश्विनाच्या उन्हात वलगावच्या बांधांवर पानं सूर्यासमोर धरून पाहत हिंडत होतो! काय ही नोकरी!

रेघांची पानं सापडली ती आपट्यावर. टोपलंभर आणून मी देवघरात ठेवली आणि बजावलं, "याले कोनी हात लावू नका!"

दसऱ्याला अकोल्याचे पाहुणे आले. सोनं देऊन आमच्या लेकीची, गोदीची सोयरीक पक्की व्हायची होती. बायकोने निवडक पानं ताटात काढून देवापुढेच ठेवलेली होती. पण मी घाईत हात घातला तो टोपल्यात! (हो, मीच.)

होणाऱ्या व्याह्यांनी पान हातात घेतलं, निरखलं.

"काहून वो, किडकं सोनं देऊन राहिले आमाले?"

तेवढ्यात पानातून एक चंदेरी पाखरू निघालं आणि थेट त्यांच्या मिशीत शिरलं. आठ दिवसांच्या तपश्चर्येचं पहिलं फळ! मी ओरडलो, "हालू नका!" आणि झडप घातली. पाखरू उडालं. व्याह्यांचं पागोटं मात्र खाली पडलं.

आणि मी काय करावं? बायकोवर खेकसलो, "हे टोपलं देवघरात कोनं ठेवलं व? अक्कल हाय का तुले?"

तिने पागोटं उचललं, झटकलं आणि पाटावर ठेवलं. दाराआड गोदीचा हुंदका ऐकू आला.

व्याही छकड्यात जाऊन बसले; बैल तेवढे रानात चरायला गेलेले होते. मी एक पान घेऊन मागे धावलो. "पाहा तं खरं, आत बोगदा हाय! साहेबबी याले मान देते!"

"तं मंग साहेबाच्याच घरी द्या पोरगी!"

दिवेलागण झाली. बैल जुंपले. शेवटी मी जू धरून उभा राहिलो. "टोपलं म्याच ठेवलं होतं. पान म्याच उचललं. माफ करा."

"आमाले कायले सांगता? जिच्यावर खेकसले तिले सांगा. बायकोवर आळ घेनाऱ्याच्या घरची पोरगी कशी घ्याव आमी?"

मी घरात गेलो. मागोमाग व्याहीही छकड्यातून उतरून दारापर्यंत आले. ताटातलं एक पान उचललं आणि सगळ्यांदेखत बायकोपुढे धरलं. "चुकलो. सोनं घे."

तिने पान घेतलं, समईच्या उजेडासमोर धरलं, दोन्ही बाजूंनी नीट तपासलं आणि मगच मला माफ केलं.