उंधियूच्या टोपातले देव

देव पाण्यात ठेवायचे तर भांडं शाकाहारी हवं, हा पहिला पेच. नवरा आयसीयूत, श्वास मशीनवर, आणि आम्ही दोघी सासू-सुना बोरिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत, स्वयंपाकघराच्या लादीवर सगळे टोप मांडून एकेकाचं चारित्र्य तपासत बसलेल्या. ह्यात गटारीचं मटण शिजलं. ह्यात तिसऱ्यांचे शिंपले उकडले. हा बिचारा दुधाचा, जन्मभर सोवळा, पण मागच्या होळीला ह्यातच कोंबडीला दही-मसाला चोळून ठेवला होता.

“एक टोप धड नाय ह्या घरात,” सासूबाई म्हणाल्या, आणि मला फस्सकन हसू आलं.

हसणं हा माझा जुना आजार. रडायच्या जागी नेमकं हसू येतं. लग्नात अंतरपाटाआड हसले. सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा तोंडात पदर कोंबून हसले. सासूबाईंनी मला कोपर मारलं आणि मग स्वतःच खांदे हलवायला लागल्या, कारण सासरे गिरणीत होते तेव्हापासून ताटाकडे बघून आधी नाक मुरडायचे आणि मगच जेवायचे. त्या दिवसापासून आमचं गूळपीठ.

‘देव पाण्यात ठेवणं’ हल्ली फक्त निवडणुकीच्या बातम्यांत ऐकू येतं. अमुक पुढारी देव पाण्यात ठेवून बसलेत वगैरे. आमच्याकडे ते खरोखर करतात. संकट आलं की देवघरातले देव उचलायचे, पाण्यात बुडवायचे आणि बजावायचं की काम होईपर्यंत सुटका नाही. नवसात निदान काहीतरी द्यायचं कबूल करतात. हा सरळ घेराव.

संकट मात्र मोठं होतं. नवऱ्याचं पोट बिघडलं, बरं झालं, आणि आठवड्याभराने पायांना मुंग्या यायला लागल्या. सकाळी म्हणाला, “चप्पल पायात आहे की नाही कळत नाही यार.” मी म्हटलं, वय झालं तुझं. संध्याकाळी त्याला जिना चढवेना. मग हात गेले, मग गिळणं गेलं, मग श्वास. आजाराला दोन परदेशी डॉक्टरांची जोडनावं होती. शरीर आपल्याच नसांवर उलटतं, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बरेच जण बरे होतात, कधी ते सांगता येत नाही, आणि काही जण होत नाहीत. त्याच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. डोळे तेवढे हलत. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही.

तर भांडं. शेवटी समोरच्या बेनकडे गेलो. गुजराती घर, कांदासुद्धा नाही, त्यांच्या टोपाइतकं निष्कलंक भांडं अख्ख्या विंगेत नव्हतं. बेननी उंधियूचा मोठा थोरला टोप काढून दिला. कशाला हवाय ते ऐकल्यावर त्यांनी तो पुन्हा एकदा घासून दिला.

गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि सासूबाईंच्या माहेरहून आलेला, नाकडोळे झिजून गेलेला एक मुखवटा असे आमचे चार देव. सासूबाईंनी त्यांना टोपात एकेक करून सोडलं आणि वाकून दम भरला, “माझो झील बोलासर तुमका भायर काढूचंय नाय.” मुलगा बोलेपर्यंत बाहेर काढणार नाही. देव तळाशी बसले. बाळकृष्ण रांगता असल्यामुळे लगेच कलंडला.

मग रोजचं चक्र सुरू झालं. पहाटे नळाला पाणी यायचं, त्या ताज्या पाण्याने टोप भरायचा. समोर निरांजन. जास्वंद पाण्यावर तरंगायची. मी हॉस्पिटलमधून येऊन लॅच उघडायच्या आत आतून प्रश्न यायचा, “बोललो?” म्हणजे, बोलला का? मी म्हणायची, नाही आई. की त्या टोपाकडे वळायच्या, “ऐकलास? नाय बोललो.” आणि तिथून पुढे अर्धा तास देवांची हजेरी. मी कपडे बदलायची, चहा टाकायची, आतून आवाज चालूच. अन्नपूर्णेला बाई म्हणून वेगळी समज मिळायची. गणपतीला आठवण करून दिली जायची की ह्या घरात एकवीस मोदक कधीच चुकले नाहीत, एका वर्षी कळ्या नीट पडल्या नव्हत्या ते सोडून.

देव काही बोलले नाहीत. फक्त हिरवे पडायला लागले.

मी घाबरले होते, हे सांगून टाकते. हसत होते, वॉर्डबॉयशी क्रिकेटच्या गप्पा मारत होते, ऑफिसला फोनवर “ऑल गुड” म्हणत होते आणि आतून माझी वाट लागली होती. झोपेतसुद्धा मशीनचा आवाज यायचा. देवाला हात जोडायचे म्हटलं तरी हात वर यायचे नाहीत. मनातल्या मनात मात्र मी त्याच्याशी कचाकचा भांडायची. अरे हो म्हण, नाही म्हण. माझा नवरा निदान पापण्या मिटतो, तू तेवढंही करत नाहीस. भांडून झालं की भीती वाटायची की आपण नेमकं चुकीच्या माणसाशी भांडलो.

त्यात संक्रांत आली, गुजराती घरांत उंधियू शिजायचा सण. बेन दारात घुटमळायला लागल्या. पहिल्या दिवशी फक्त तब्येत विचारली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, सुरती पापडी बहु सरस आवी छे बाजारमां. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात डोकावून टोपाला लांबूनच नमस्कार केला, आणि तो देवाला होता की टोपाला हे मला आजवर कळलेलं नाही. सासूबाई त्यांना म्हणाल्या, “बेन, क्या करूं? वो बोलताच नहीं.” ह्यातला ‘वो’ कोण, हेही बेननी विचारलं नाही.

सासूबाईंना तोवर आयसीयूत नेलं नव्हतं. गुडघे दुखतात, इन्फेक्शनची भीती, आणि खरं कारण म्हणजे त्या नळ्या त्यांना बघवणार नाहीत. पण एक दिवस त्या इरकल नेसून, चपला घालून सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, रिक्षा बोलव. मी बोलावली.

त्याला बघून त्या रडल्या नाहीत. पलंगाचा कठडा धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, बोला त्यांच्याशी. सगळं ऐकू येतंय त्यांना, सगळं समजतंय. फक्त उत्तर देता येत नाहीये. तुम्ही बोलत राहा.”

आमच्या सासूबाईंना बोलत राहा सांगणं म्हणजे आयतं कोलीतच. त्या सुरू झाल्या. बांगडा महागला, कोळीण मेली तरी एक वर टाकत नाही. लिफ्ट पुन्हा बंद. चौथ्या मजल्यावरच्याने बाल्कनीत जाळी लावली, आता कबुतरं आमच्याकडे. नवरा त्यांच्याकडे बघत होता. मधेच त्याच्या डोळ्याच्या कडेने पाणी ओघळून कानाकडे गेलं. सासूबाईंनी ते पदराने टिपलं आणि लिफ्टचं उरलेलं सांगितलं.

परतताना रिक्षात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मला धास्ती बसली. घरी आल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि टोपासमोर उभ्या राहिल्या.

“गो,” त्या म्हणाल्या, “ह्येंका पण बोलूक येणा नसात तर?”

मी खांद्यावरची पर्स उतरवून ओट्यावर ठेवली.

“ऐकू येत असेल सगळा. समजत असेल. माझ्या झिलासारखा. आणि मी मेली त्येंच्या नाकातोंडात पाणी घालून रोज वरून शिव्या देतंय!”

माझ्या पोटातून जे हसू आलं ते मला थांबवताच येईना. मी ओट्याला धरून खाली बसले. सासूबाईंनी आधी डोळे वटारले, मग त्यांचाही बांध फुटला. आम्ही दोघी लादीवर बसून हसलो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो, आणि मधे कुठेतरी ते रडणं झालं तेही आम्हाला कळलं नाही. मग त्यांनी बाह्या सारल्या आणि देवांना बाहेर काढलं. चिंचेने घासलं. मऊ पंच्याने पुसलं, कानामागे, मांडीच्या घडीत, बाळकृष्णाच्या तळव्यांना. तसं त्यांनी माझ्या नवऱ्याला लहानपणी पुसलं असणार.

“पण आई,” मी म्हटलं, “काम झालं कुठे अजून?”

“नाय झाला तर नाय झाला. तुझो घोव बोलणा नाय, म्हणान तू जावचा सोडलंस?”

मी रोज जात होते. तो बोलत नव्हता आणि मी रोज जात होते, आणि ह्याला काही नाव असतं असं मला तोवर वाटलं नव्हतं.

रिकामं भांडं परत करत नाहीत म्हणून टोपात नारळाच्या वड्या घालून आम्ही बेनकडे गेलो. त्यांनी टोप बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. “भाई बोले?”

“नहीं.”

“तो फिर भगवान को बाहर क्यूं निकाला?”

“उसका भी वैसाच है,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “सुनता है. बोलने को नहीं आता.”

बेन जैन-वैष्णव असं काय काय वाचलेल्या, प्रवचनांना जाणाऱ्या. त्या दारात टोप धरून उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, “सही बात छे.” दुसऱ्या दिवशी त्याच टोपातून उंधियू आलं, आम्हां दोघींना आठवडाभर पुरेल एवढं.

आता इथे नवरा बोलायला लागला असता तर गोष्ट झकास झाली असती. झालं उलटं. त्याला ताप भरला, छातीत कफ साठला, आणि डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच माझ्याशी बोलताना खुर्ची पुढे ओढली. घरी येऊन मी म्हटलं, “आई, ठेवूया परत पाण्यात. ह्या वेळी बादलीत.” मी खरंच बादली नळाखाली लावली होती. मला कोणाला तरी बुडवायचंच होतं.

त्यांनी नळ बंद केला. देवासमोर पाट टाकला, दिवा लावला, आणि देवांना तापाचं सगळं सांगितलं. कुठलं औषध बदललं, नर्स काय म्हणाली, सगळं. मागितलं काहीच नाही. मग मला म्हणाल्या, “तू बोल.”

मला बोलायला काही सुचेना. मागायचं तर रागच एवढा होता की शब्द चिडून आले असते. म्हणून मी ऑफिसात आलेल्या बायोमेट्रिक मशीनची हकीकत सांगितली. ते माझा अंगठा घेत नाही, भांडी घासून रेषाच गेल्यात, मी रोज येते आणि मशीन म्हणतं तुम्ही कोण. गणपतीसमोर बसून हे सांगता सांगता मी हसायला लागले. सासूबाई म्हणाल्या, बघ, ऐकतो तो. कशावरून ऐकतो, हे मी विचारलं नाही. ऐकतो असं धरून बोलले, आणि दुसऱ्या दिवशी आज काय सांगायचं ते रिक्षातच ठरवलं. भीती गेली नाही. पण मग मी रोज बसायला लागले.

ताप उतरला तो औषधांनी. नंतर उजव्या हाताचं एक बोट हललं, मग कधीतरी मनगट. फिजिओथेरपीवाल्या मुलीने त्याला रडवलं आणि त्याने डोळ्यांनीच तिला शिव्या दिल्या. एक दिवस फोन आला की आज गळ्याच्या नळीवर बोलण्याचं झाकण बसवून बघणार, आजींनाही आणा.

सासूबाई पुन्हा इरकल नेसल्या. मी चपला वेगवेगळ्या घातल्या होत्या, ते हॉस्पिटलात पोचल्यावर कळलं. झाकण बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सावकाश, घाई नाही, दमायला होतं. नवरा श्वास जमवत होता. सासूबाईंना त्या शांततेत राहवेना. बोलत राहा हे त्यांना एकदा सांगितलेलं होतंच. त्या सुरू झाल्या. लिफ्ट चालू झाली, बेनच्या नातीला पहिला नंबर, कबुतरांनी अंडी घातली, तुझ्या बाबांचा रेडिओ मी दुरुस्तीला टाकला...

त्याने ओठ हलवले. खरवडल्यासारखा आवाज आला.

“आये... वायच गप रव गो.”

म्हणजे, आई, जरा गप्प राहा.

नर्स हसली, डॉक्टरीणबाई हसल्या, मी तर पलंगाच्या पायाशी दुमडलेच. सासूबाईंच्या तोंडावर जे काही होतं ते मला लिहिता येणार नाही. त्या कॉरिडॉरमध्ये जाऊन दिसेल त्याला सांगत सुटल्या, “माका गप रव म्हणालो!” रिक्षावाल्याला सांगितलं. वॉचमनला सांगितलं. लिफ्टमधल्या कुरिअरवाल्याला सांगितलं. बेनची बेल वाजवून सांगितलं, आणि बेन आणि त्या दारात एकमेकींचे हात धरून उड्या मारायच्या बेतात होत्या, दोघींचे गुडघे आडवे आले म्हणून थोडक्यात राहिलं.

मी चहा टाकला. आत त्या पाट टाकून देवासमोर बसल्याचं ऐकू आलं. काडी ओढली, दिवा लागला. मी कान देऊन होते, आता अर्धा तास तरी चालणार. आतून काहीच येईना. चहा उकळला, गाळला, तरी काही नाही. मी कप घेऊन दारात गेले. त्या हात मांडीवर ठेवून, देवांकडे बघत, नुसत्या बसल्या होत्या.

“आई, आज काय सांगितलंत त्यांना?”

“काय नाय गो,” त्या म्हणाल्या. “तो म्हणालो ना, गप रव. रवलंय.”