कोपर आणि मलिदा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एका मोठ्या बेसबॉल संघाने मला नव्या खेळाडूंच्या निवडीत अगदी वरच्या नंबरावर निवडलं, तेव्हा महाराष्ट्रातून इस्रायलमधल्या लोद गावात येऊन राहिलेल्या आमच्या बेने इस्रायली ज्यू मंडळींत तो खेळ कुणालाच कळत नव्हता. माझी चेंडू फेकण्याची तऱ्हा बघून मामांनी निकाल दिला, "कोपराला झटका देतोस रे. ठाण्यात अंपायरने नो-बॉल दिला असता." विमानतळावर सामान चढवणारे माझे वडील मात्र सिनेगॉगमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले.

मोठ्या संघाची जर्सी मी कधी घातलीच नाही. वरच्या नंबराच्या पोरालाही आधी खालच्या लीगमध्ये घासून घेतात. रोज नवं गाव, बसमधली झोप, मोटेलची खोली. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी घरून फोन यायचा. वडील विचारायचे, "किती विकेट?" आईचं एकच, "कधी येतोस?" मी चिडायचो. इथे कोपर सुजलंय, मागून आलेली पोरं वर चाललीत आणि हिला तारीख हवी! कोपर कसं आहे, एवढं तरी कुणी विचारावं असं फार वाटायचं. त्या खोल्यांत मी भयंकर एकटा होतो.

पुढे ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही, संघाने सोडून दिलं. मी लोदला परतलो.

त्याच आठवड्यात आईने मलिदा केला. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, बदाम, वर फळं. सगळ्यांनी मिळून एलियाहू हनाबी या आमच्या संदेष्ट्याचं गाणं म्हटलं. नवस फेडायचा तर आमच्यात मलिदा करतात. मला वाटलं, बिचारी माझ्या कोपरासाठी नवस बोलली असेल, आणि तो फळला नाही हे तिच्या लक्षातच आलेलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "आई, हात काही बरा झाला नाही. उगाच केलास."

ती ताट आवरत होती. "हातासाठी कुठं बोलले होते मी? तू घरी यावास म्हणून बोलले होते. तू गेलास त्याच दिवशी."

मला राग आला, आणि रडूही. इतकी वर्षं मी तिकडे एकटा झगडत होतो, आणि माझी आई माझ्याविरुद्ध खेळत होती.

तिने उरलेल्या मलिद्याची वाटी पुढे केली. मी डावा हात पुढे केला, कारण उजवा धड सरळ होत नव्हता.

"उजव्या हातानं घे," ती म्हणाली. "मलिदा आहे."