रूथच्या खापरपणजोबांचं दुसरं पान

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला तर मी डाळीत मीठ जास्त पडलं तेही सांगते. तुम्हाला का सांगतेय? तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच असेल.

पिस्कॅटवेच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर रूथ राहायची. रिटायर्ड शिक्षिका, ओक्लाहोमाची, चेरोकी — म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. आम्ही नवे होतो तेव्हा माझ्या मुलीला लायब्ररीत नेणारी तीच. मी तेव्हा जुने सरकारी कागद स्कॅन करणाऱ्या कंपनीत होते, व्हिसावर. एकदा चहा पिता पिता मी फुशारकी मारली — तुमच्या लोकांचे कागद सध्या माझ्याच टेबलावर आहेत! रूथनं कप खाली ठेवला.

त्यात तिच्या खापरपणजोबांचा अर्ज असणार होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारनं चेरोकींना त्यांच्या मुलखातून हाकललं, तेव्हा करारात एक वचन होतं — जो सैन्याबरोबर न येता आपला आपण जाईल, त्याला सरकार प्रवासखर्च देईल, वर वर्षभराचा शिधा. हा माणूस बायकामुलांना घेऊन आपला आपण गेला. सरकार म्हणालं, पुरावा नाही. त्यानं अर्ज केले, त्याच्या मुलांनी केले, आता रूथ करत होती. पैशाचं तिला काही नव्हतं हो. तो खरं बोलत होता, एवढं सरकारनं एकदा लिहून द्यावं — बस्स.

स्कॅन झालेलं अर्जाचं पान सरकारी साइटवर आलं, तेव्हा ती रडली. मग वर्षभरानं तिलाच दुसरं एक पान सापडलं, भलत्याच कुटुंबाच्या फाइलमध्ये. दोन शेजाऱ्यांची साक्ष — सदर इसमानं स्वतःची गाडी, स्वतःचे बैल घेऊन कुटुंब नेलं. सदर इसम कोण? ते नाव पहिल्या पानावर, अर्जाच्या. सरकारी ऑफिसनं तिला कळवलं, ही पानं एकत्र होती असं स्कॅन करणाऱ्या व्यक्तीनं लिहून दिलं तर विचार करू.

ती दोन्ही प्रिंट घेऊन माझ्या किचनमध्ये आली. मी पोळ्या लाटत होते.

आता सांगतेच. तो शुक्रवार होता, टार्गेट राहिलं होतं. मी गठ्ठा उघडला आणि दुसरं पान सरकून शेजारच्या ढिगात गेलं. कळलं मला — संध्याकाळी, सगळं अपलोड झाल्यावर. दुरुस्त करायचं तर फॉर्म भरायचा, त्यावर आपलं नाव. त्या महिन्यात माझ्या नावावर आधीच दोन चुका होत्या. ग्रीन कार्डसाठी अर्ज कंपनीनंच केलेला. नोकरी गेली तर पुढे काय? मी पर्स उचलली आणि घरी आले.

आणि रूथला काय म्हणाले? आठवत नाही गं, रोज इतके कागद येतात. तोंड वर करून, अगदी तिच्या डोळ्यांत बघत. तव्यावर पोळी करपली. उलट तिनंच माझ्या पिठाच्या हातावर हात ठेवला — जाऊ दे, तुला तुझे कागद काय कमी आहेत?

ग्रीन कार्ड झालं. नोकरी बदलली. सिटिझनशिपच्या शपथेला रूथ घरी केलेला केक घेऊन आली होती. आता कोण माझं काय करणार होतं? कोणी नाही. पण तिला खरं सांगायचं तर आधी खोटं बोलले हे सांगावं लागलं असतं, आणि तिचा चेहरा कसा होईल ते मला बघायचं नव्हतं. माझी भीती कधीच संपली होती. तरी मी गप्प.

तिचा अर्ज परत आला. शेरा — दाव्याला आधार नाही.

रूथ आता नर्सिंग होममध्ये आहे. गेल्या महिन्यात भेटायला गेले, तर तिनं नर्सला माझी ओळख करून दिली — या मुलीनं आमच्या घराण्यासाठी आठवून बघायचा फार प्रयत्न केला. नर्स माझ्याकडे बघून हसली. मीही हसले.

दोन्ही पानं एकाच विटक्या हिरव्या फितीत होती. गाठ सुटेना, म्हणून मी ती कात्रीनं कापली. मला आठवतं. त्या दिवशी पोळ्या लाटतानाही आठवत होतं.